घरातील वीज, दाबाची उसळी आणि तिसरी तार

रत्नागिरी जिल्ह्याचे विजेशी असलेले नाते जुने आहे. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या वीजगृहातून १९६२ साली कोयना प्रकल्पाची वीज वाहू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत पोहोचली. गुहागर तालुक्यात अंजनवेल आणि रत्नागिरी तालुक्यात जयगड येथेही मोठी वीज केंद्रे उभी राहिली. एके काळी 'गावात वीज आली काय?' हा प्रश्न विचारला जात असे. आता प्रश्न निराळा आहे. घरात येणारी वीज कोणत्या स्वरूपात येते, आणि ती स्वीकारण्यास आपले घर, शाळा वा ग्रामपंचायत कार्यालय कितपत सज्ज आहे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाला महत्त्व येण्याचे कारण उपकरणांच्या बदललेल्या स्वरूपात आहे. पूर्वीच्या घरात दिवा, पंखा आणि फार तर पाण्याचा पंप असे. ही उपकरणे राकट होती. क्षणभर दाब वाढला तरी तारेच्या वेटोळ्याला त्याची फारशी क्षिती नसे. आज त्याच घरात दूरदर्शन संच, एलईडी दिवे, संगणक आणि भ्रमणध्वनीचा चार्जर आहेत. यांच्या अंतर्भागातील चकत्या पाच व्होल्ट अथवा त्याहूनही कमी दाबावर काम करतात. त्यांना सेकंदाच्या लक्षांश भागापुरती बसलेली ठोकरही पुरते. लोकवर्गणीतून घेतलेला शाळेचा संगणक मे महिन्यातील वळवाच्या एका पावसात निकामी होतो, आणि नवा घेण्यास पुन्हा कित्येक महिने जातात. ज्या गावातील मुलांनी संगणक प्रथम पाहिला तो शाळेतच, त्या गावाचे हे नुकसान केवळ पैशात मोजता येत नाही.

या नुकसानीवर उपाय म्हणून बाजारात 'स्पाइक बस्टर', 'सर्ज प्रोटेक्टर', 'लाइन फिल्टर', 'स्टॅबिलायझर' अशा अनेक नावांची साधने मिळतात. ती घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना दोन गोष्टींची कल्पना नसते. एक, ही साधने निरनिराळ्या विकारांवरील निरनिराळी औषधे आहेत. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, यांपैकी बहुतेकांचे कार्य भिंतीतल्या तिसऱ्या तारेवर, म्हणजे भूसंपर्काच्या तारेवर अवलंबून असते. बोलीभाषेत आपण तिला 'अर्थिंग' म्हणतो. ती तार नीट नसेल, तर महागडे साधनही अर्धेच काम करते.

तीन निरनिराळे विकार

आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाने आणि सेकंदाला ५० आवर्तनांनी होतो. हा प्रवाह प्रत्यावर्ती असल्याने त्याचा दाब सतत वरखाली होत असतो आणि प्रत्येक आवर्तनात तो सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखराला स्पर्श करतो. या सुरळीत लाटेत तीन प्रकारचे बिघाड संभवतात.

पहिला बिघाड म्हणजे दाबाची उसळी. ही सेकंदाच्या लक्षांश ते सहस्रांश भागापुरतीच टिकते, परंतु तेवढ्यात दाब हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. दुसरा म्हणजे दीर्घकाळ वाढलेला वा घटलेला दाब. हा काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत राहतो. तिसरा म्हणजे विद्युत खरखर. मूळ लाटेवर स्वार झालेली ही बारीक, वेगवान कंपने उपकरण जाळत नाहीत, परंतु त्याच्या कामात व्यत्यय आणतात. उसळीला उसळीरोधक, दीर्घकालीन दाबवाढीला पुरवठा तोडणारे साधन आणि खरखरीला गाळणी, असे हे तीन उपाय आहेत. एकाचे काम दुसरा करीत नाही.

उसळी कोठून येते?

मराठीत आकाशातील विजेला आणि तारेतील विजेला आपण एकाच नावाने ओळखतो. उसळीच्या संदर्भात या दोहोंची खरोखरच गाठ पडते. आकाशातील विजेच्या एका लोळातून साधारणपणे तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. ती आपल्या घरावर वा खांबावरच पडली पाहिजे असे नाही. एखाद्या किलोमीटरच्या परिसरात ती पडली, तरी तिच्या चुंबकीय व विद्युत क्षेत्रामुळे उघड्या तारांत दाब निर्माण होतो आणि तारेच्या वाटेने घरात शिरतो. कोकणातील वाड्या विरळ, डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात. त्यामुळे येथील तारांची लांबी मोठी आणि उसळीला वावही मोठा.

कोकणात विजांचा जोर ऐन आषाढ-श्रावणात नसतो. मे महिन्यातील वळीव व मोसमी पावसाचे आगमन हा एक काळ, आणि परतीचा पाऊस हा दुसरा. सावधगिरीचे दिवस प्रामुख्याने हेच आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या 'दामिनी' या भ्रमणध्वनीवरील ॲपमधून परिसरातील विजांची सूचना मिळू शकते. शाळा व ग्रामपंचायतींनी तिचा उपयोग करून घ्यावा.

उसळीचे दुसरे उगमस्थान आपल्या गावातच आहे. मोठा पंप वा चक्कीची मोटार बंद होताना तिच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा तारेवर परतते. खंडित झालेला पुरवठा पुन्हा सुरू होताना गावातील सारे पंप व शीतकपाटे एकाच वेळी प्रवाह खेचू लागतात आणि दाब काही काळ अस्थिर राहतो. दिनांक ३ जून २०२० रोजीच्या 'निसर्ग' चक्रीवादळात मंडणगड व दापोली तालुक्यांत विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले, आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळानेही या किनाऱ्याला तडाखा दिला. अशा प्रसंगी तारा परस्परांवर आपटतात, फांद्या तारांवर पडतात आणि पुरवठा पूर्ववत होईपर्यंत तो अनेकदा येतो-जातो. वीज गेली की संवेदनशील उपकरणांची बटणे बंद करावीत, आणि ती परत आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबूनच ती लावावीत, ही साधी सवय म्हणूनच मोलाची आहे.

उसळीरोधकाचे कार्य

बहुतेक उसळीरोधकांचे हृदय म्हणजे झिंक ऑक्साइडचे कण भाजून तयार केलेली एक छोटी चकती होय. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. जपानमधील मात्सुशिता कंपनीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिचा विकास झाला. नेहमीच्या दाबाला ही चकती वीज जवळजवळ वाहूच देत नाही. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की निमिषार्धात तिचा रोध कोसळतो आणि उसळीचा प्रवाह उपकरणाकडे न जाता तिच्यातून न्यूट्रलकडे व जमिनीकडे वळतो. उसळी ओसरताच ती पूर्ववत होते. धरणाच्या सांडव्याप्रमाणे तिचे कार्य चालते. खांबांवर बसविल्या जाणाऱ्या आधुनिक तडितरोधकांतही याच पदार्थाचा उपयोग होतो.

मात्र सांडव्यातून सुटलेले पाणी नेण्यास नदीचे पात्र लागते. उसळीरोधकाचे ते पात्र म्हणजे भूसंपर्क. येथे एक साधे गणित ध्यानात घ्यावे. उसळीचा शंभर अँपिअर प्रवाह जमिनीत जात असता भूसंपर्काचा रोध ५ ओहम असेल, तर भूसंपर्काच्या तारेचा दाब ५०० व्होल्टने वर चढतो. तोच रोध ५० ओहम असेल, तर तो ५,००० व्होल्टने वर चढतो. ज्या मार्गाने संकट बाहेर जावयाचे, तोच मार्ग संकटाचा होऊन बसतो.

यावर दुसरा उपाय आहे तो सर्व भूसंपर्क एकत्र बांधण्याचा. खाडीला भरती आली की सगळ्या होड्या एकदमच वर उचलल्या जातात आणि कोणालाच इजा होत नाही. धक्क्याला आखूड दोराने बांधलेली होडी मात्र हिसका बसून फुटते. घरातील उपकरणांचेही तसेच आहे. वीज, दूरध्वनी, छतावरील तबकडी, केबल आणि सौरसंच यांचे भूसंपर्क वेगवेगळे ठेवले, तर उसळीच्या वेळी त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि दोहोंना जोडलेले उपकरण बळी जाते. 'संगणकासाठी स्वतंत्र अर्थिंग' हा पुष्कळांना खबरदारीचा वाटणारा उपाय, ते मुख्य भूसंपर्काशी जोडले नसेल, तर म्हणूनच घातक ठरतो. प्रकाशतंतूची केबल या बाबतीत सोयीची, कारण काचेचा तंतू वीजवाहक नाही. परंतु त्या यंत्रणेचे यंत्र घरातील विजेवरच चालते, हे विसरू नये.

चकतीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. प्रत्येक मोठ्या उसळीसरशी ती थोडी झिजते. चांगल्या उसळीरोधकावर ती शाबूत असल्याचे दर्शविणारा दिवा वा खूण असते, ती अधूनमधून पाहावी. बाजारातील कित्येक फळ्यांना नाव 'स्पाइक बस्टर' असले, तरी आत अशी चकतीच नसते. खरेदी करताना रोखधरणीचा दाब व ऊर्जाक्षमता यांचे आकडे छापलेले आहेत काय, हे पाहणे इष्ट. घराच्या मुख्य फलकावर बसवावयाचा उसळीरोधक आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाच्या ६१६४३ या मानकास अनुसरून असावा. तो परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्यावा. तसेच उसळीरोधक म्हणजे तडितवाहक नव्हे. इमारतीवरच वीज कोसळली, तर तो एकटा पुरा पडत नाही.

न्यूट्रल तुटते तेव्हा

गावात एकाच वेळी दहा-वीस घरांतील उपकरणे जळाल्याचे ऐकू आले, तर त्यामागे अनेकदा उसळी नसून तुटलेली न्यूट्रल तार असते. रोहित्रापासून येणाऱ्या तीन फेजांपैकी प्रत्येकीवर काही घरे जोडलेली असतात, आणि सर्वांची परतीची वाट म्हणजे न्यूट्रल. कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो. न्यूट्रल तुटली, की दोन फेजांवरील घरे नकळत एका माळेत गुंफली जातात. एका घरात हजार वॉटची इस्त्री व दुसऱ्यात शंभर वॉटचा दूरदर्शन संच एवढेच चालू असतील, तर दाबाचा मोठा वाटा कमी भाराच्या घराला, म्हणजे त्या संचाला, मिळतो. तो साडेतीनशे व्होल्टहून अधिक भरतो. ज्या घरात कमी वीज वापरली जाते, त्याचेच नुकसान अधिक, असा हा विपरीत न्याय आहे.

हा दाब क्षणिक नसल्याने उसळीरोधक येथे निरुपयोगी ठरतो. उलट सतत वाहणाऱ्या प्रवाहाने चकती तापून पेट घेण्याचा संभव असतो. म्हणून तिच्यासोबत उष्णतेने तुटणारी जोडणी वा फ्यूज असणे आवश्यक. या विकारावर खरा उपाय म्हणजे दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे व तो स्थिरावल्यावर पुन्हा जोडणारे साधन. ते मुख्य फलकावर बसविता येते. साधा स्टॅबिलायझर मंद दाबावर उपयोगी आहे, परंतु उसळीच्या वेगाशी त्याची गाठ पडत नाही. काही दिवे एकाएकी प्रखर व काही मंद झाल्यास तत्काळ मुख्य बटण बंद करावे आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

खरखर आणि तिची गाळणी

आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झाले. मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकलेल्या पिढीला विद्युत खरखर म्हणजे काय, हे सांगावयास नको. शेजारी मिक्सर सुरू झाला, की रेडिओवर गाण्याऐवजी करकर ऐकू येई. मिक्सरच्या मोटारीतील कार्बनच्या ब्रशांपाशी उडणाऱ्या ठिणग्या हे त्याचे कारण. सैल जोडणी, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे व चार्जर ही खरखरीची आणखी काही उगमस्थाने. चौकोनी लाट देणाऱ्या इन्व्हर्टरवर पंखा घुमतो, तोही याच कुळातला विकार.

किनाऱ्यावर आणखी एका कारणाची भर पडते. बाणकोटपासून जैतापूरपर्यंत खारा वारा खांबांवरील चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर मिठाचा थर बसवितो. पावसाळ्याच्या तोंडाशी हवा दमट झाली, की तो थर ओलावतो, त्यावरून वीज झिरपू लागते आणि रात्री खांबावर चुरचुर आवाज व बारीक ठिणग्या जाणवतात. जोराचा पाऊस झाला, की मीठ धुऊन जाते.

अशा व्यत्ययाला आळा घालण्यासाठी १९३४ सालीच आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली होती. यावरून प्रश्नाचे जुनेपण लक्षात यावे. गाळणीची रचना सोपी आहे. तारेच्या वेटोळ्यातून ५० आवर्तनांची संथ लाट सहज जाते, पण वेगवान कंपने अडतात. धारित्राचा गुण नेमका उलटा. ते वेगवान कंपनांना वाट देते व संथ लाटेस बहुतांशी अडविते. वेटोळ्याने अडविलेली खरखर धारित्रांच्या वाटेने न्यूट्रलकडे व भूसंपर्काकडे सोडून दिली जाते. संगणकाच्या वीज-पेटीत अशी गाळणी अंगभूत असते.

इथे तिसऱ्या तारेचा संबंध पुन्हा येतो. ती तार तुटलेली असेल, तर गाळणीच्या धारित्रांतून झिरपणारी वीज पेटीच्या धातूच्या अंगावर येते आणि तेथे पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा दाब दिसतो. पेटीला हात लावताच मुंग्या येत असतील, तर बहुधा संगणक बिघडलेला नसतो. भूसंपर्क नाही, याची ती सूचना असते. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या खोबणीत बसविणे, हा या सूचनेचा अव्हेर होय.

जांभ्यातील भूसंपर्क

आता मुख्य अडचणीकडे वळू. रत्नागिरीचा सडा जांभ्या दगडाचा आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु सच्छिद्र जांभा व उतार यांमुळे पाणी टिकत नाही. एप्रिल-मे मध्ये सडा कोरडा ठणठणीत होतो. कोरड्या जांभ्यातून वीज सहजासहजी वाहत नाही. म्हणजे वळवाच्या विजा सुरू होतात, नेमक्या त्याच दिवसांत येथील भूसंपर्क सर्वांत दुबळा असतो. पावसाळ्यात उत्तम ठरलेली चाचणी मे महिन्याची हमी देत नाही. त्यातच कातळ फोडणे कष्टाचे असल्याने नळी हात-दीड हात पुरून काम उरकले जाते.

भूसंपर्कनाविषयीच्या भारतीय मानक ३०४३ प्रमाणे नळीच्या स्वरूपाचा विद्युतअग्र किमान अडीच मीटर लांबीचा असावा लागतो. कातळावर तो सरळ पुरणे अशक्य असल्यास परसदारी जेथे मातीचा थर खोल आहे, विहिरीलगत वा न्हाणीचे पाणी मुरते तेथे जागा निवडावी आणि तेथून जाड तार घरापर्यंत आणावी. एका नळीने काम न भागल्यास पुरेशा अंतरावर दुसरी पुरून दोन्ही जोडाव्यात. मीठ व कोळसा यांचे थर घालण्याची पद्धत परिचित आहे, परंतु मिठाने नळी गंजते. बेंटोनाइट माती ओलावा धरून ठेवते व गंजही कमी करते. उन्हाळ्यात खड्ड्याच्या नरसाळ्यात वापरलेले पाणी नियमित ओतल्यास पाणीटंचाईच्या गावीही भूसंपर्क जिवंत राहतो.

दोन धोक्यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. भूसंपर्क नाही म्हणून खोबणीतील तिसरी पिन न्यूट्रललाच जोडण्याची युक्ती काही ठिकाणी योजली जाते. न्यूट्रल तुटली, की त्या घरातील प्रत्येक उपकरणाच्या अंगावर वीज येते. दुसरे असे की, भूसंपर्काचा रोध २० ओहम असता, गळतीचा प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर होतो. सोळा अँपिअरचा फ्यूज त्याने वितळत नाही आणि उपकरणाचे अंग जिवंत राहते. म्हणून मनुष्यरक्षणासाठी तीस मिलिअँपिअर गळतीस तुटणारा आर.सी.सी.बी. हवाच. रोध १०० ओहम असला, तरी अंगावर अवघे तीन व्होल्ट येतात तोच तो पुरवठा तोडतो.

शाळांच्या संगणक कक्षासाठी एक सूचना. प्रत्येक संगणकाच्या गाळणीतून मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह भूसंपर्काकडे झिरपत असतो. वीस संगणक एकाच आर.सी.सी.बी.वर ठेवले, तर तो विनाकारण तुटू लागतो आणि कोणीतरी तो काढून टाकतो. त्याऐवजी संगणकांचे दोन-तीन गट करून प्रत्येकास स्वतंत्र आर.सी.सी.बी. द्यावा.

गावपातळीवर काय करता येईल?

या विवेचनातून कामाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम भूसंपर्क, नंतर आर.सी.सी.बी., त्यानंतर दाब मर्यादेबाहेर जाताच तोडणारे साधन व मुख्य फलकावरील उसळीरोधक, आणि शेवटी उपकरणाजवळील गाळणीयुक्त फळी. प्रत्यक्षात आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो.

ग्रामपंचायतीने शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र व स्वतःचे कार्यालय यांच्या भूसंपर्काची मोजणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून दरवर्षी एप्रिलअखेर करून घ्यावी. मोजलेला रोध व तारीख फलकाजवळ रंगवून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी तुलना करता येईल. संगणक वा प्रक्षेपक खरेदीचा ठराव करतानाच भूसंपर्क व संरक्षण यांचा खर्च त्या ठरावात समाविष्ट करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तीन पिनांपैकी जाड व लांब पिन कशासाठी असते, हे एका तासात समजावून सांगितले, तर तो धडा त्याच सायंकाळी घराघरांत पोहोचेल. ती पिन लांब असण्याचे कारणच असे की, खोबणीत ती सर्वांआधी शिरावी व सर्वांनंतर निघावी, आणि वीज येण्यापूर्वी संरक्षण पोहोचावे.

जो क्रम त्या पिनेच्या रचनेत आहे, तोच आपल्या नियोजनात असावा. भूसंपर्काची नळी जमिनीत गाडलेली असते आणि तिचे उद्घाटन होत नाही. परंतु गावाने कष्टाने मिळविलेली उपकरणे आणि ती हाताळणारी मुले यांचे संरक्षण तिच्यावरच अवलंबून आहे. पावसाच्या आधी कौले चाळण्याची, पागोळ्यांची वाट मोकळी करण्याची आणि लाकूडफाटा भरून ठेवण्याची रीत कोकणात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्या आगोटीच्या कामांच्या यादीत भूसंपर्काच्या तपासणीची भर पडणे आता अगत्याचे आहे.